तालाचा हात

११ जून २०२५, बुधवार

सुंदरचा रिपोर्ट आला. हंटिंग्टन. डॉक्टर भुवनांनी दुपारी पावणेबाराला तो आम्हाला वाचून दाखवला आणि दुसऱ्यांदा तपासून घेतला आहे, चूक नाही, असं सांगितलं. खोलीत सुंदर होता, त्याची बायको गायत्री होती आणि मी, त्याची थोरली बहीण. एका जनुकात तीन अक्षरांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. तो चाळीस किंवा जास्त वेळा आला तर आजार होतोच. सुंदरचा त्रेचाळीस वेळा आहे. मी गणित शिकवते, तेवढा आकडा डोक्यात नीट बसला.

आजार मेंदूचा, दुर्मीळ, सावकाश वाढणारा, आणि आज तरी न थांबणारा. हातपाय आपोआप हलतात ते सगळ्यांना दिसतं. पण त्याच्या बरंच आधी माणसाचं वागणं आणि विचार बदलतात, असं डॉक्टर म्हणाल्या. कामाची आखणी जमत नाही. राग अनावर होतो. एकच गोष्ट धरून बसतात. समोरच्याच्या चेहऱ्यावरचा राग ओळखू येत नाही. मग हळूहळू कशाचं काही वाटेनासं होतं. गायत्री प्रत्येक वाक्याला मान हलवत होती.

"आणि ज्याला होतं त्याला बहुतेक वेळा ते कळत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तो लपवत नसतो. त्याला खरंच दिसत नाही."

"मला कायी नाही," सुंदर म्हणाला. "चार वाजता कॉफी होणा."

"अत्ता बारा वाजलेत," गायत्री म्हणाली.

"मग चार वाजेपर्यंत बसू."

डॉक्टरांनी आप्पांबद्दल विचारलं. आप्पा तिरुवैयारुला गाणं शिकवत. छप्पन्नाव्या वर्षी कावेरीच्या पायऱ्यांवरून घसरून पडून वारले. त्यांचा हात हलायचा का? मी म्हटलं, हलायचा, पण तो ताल होता. जेवताना, बसमध्ये, कधीही आप्पांची बोटं मांडीवर चालायची. आमच्या घरात त्याला तालाचा हात म्हणतात. पाच वर्षांपूर्वी सुंदरचा हात तसा हलायला लागला तेव्हा आई हयात होती, तिने देवापुढे साखर ठेवली. गळा नाही आला, ताल तरी आला, म्हणाली.

"कुठला ताल?" डॉक्टरांनी विचारलं.

"आदिताल असेल, आठ मात्रांचा."

"कधी मोजलात?"

वडिलांचा हात कोण मोजतं?

आप्पांना हा आजार असेल तर आम्हा दोघांनाही निम्मी शक्यता होती. नाण्याची वाईट बाजू सुंदरला लागली. मला असेल तर माझ्या मुलीला, कीर्तनाला, निम्मी. मला नसेल तर तिच्याकडे तो जाऊच शकत नाही. जानेवारीत, तै महिन्यात, तिचं लग्न आहे.

मी एक्कावन्न वर्षांची, सुंदरपेक्षा चार वर्षांनी मोठी. यायचा असता तर एव्हाना आला असता.

१४ जून, शनिवार

कीर्तनाला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. कॉलेजात शिकवायला लागल्यापासून तिला ऐकायची सवय झाली आहे. मग म्हणाली, "अम्मा, तू टेस्ट कर. तुला नसलं तर मला करायची गरजच नाही."

मी म्हटलं, बघू.

ही वही टेबलावर उघडी असते. देवनागरी मला आप्पांनी शिकवली. घरात आता दुसऱ्या कोणाला ती वाचता येत नाही, त्यामुळे कुलूप लागत नाही. आम्ही बोलतो निम्मं तमिळ, निम्मं आमचं तंजावूरचं मराठी, 'हवं'ला 'होणा' म्हणणारं, लिहिते मात्र अशी, आप्पांनी शिकवली तशी. कीर्तना चेष्टा करते : "तू गेल्यावर हे वाचायला मला सरस्वती महाल ग्रंथालयातून पंडित बोलवावा लागेल."

पेन नीट चालत नाही. दुसरं आणायला हवं.

२३ जून, सोमवार

शाळेत आज गोंधळ. नववी ब आणि दहावी अ एकाच तासाला एकाच प्रयोगशाळेत. रसायनाच्या बाई दाराशी, पदार्थविज्ञानाच्या बाई आत, आणि ऐंशी मुली व्हरांड्यात. चौदा वर्षं वेळापत्रक मी करते. मोठा तक्ता, रंगीत टाचण्या, चोवीस वर्ग, मे महिन्यात चार दिवसांत संपतं. या वर्षी तीन आठवडे लागले. ऑफिसातल्या सतीशकुमारने संगणकात चढवताना चूक केली असणार.

त्याला तसं सांगितलं. "मॅडम, तुमच्या तक्त्यावर असंच आहे," म्हणाला. तक्ता काढला. टाचणी तिथेच होती. कोणीतरी हलवली असेल.

२ जुलै, बुधवार

गायत्रीचा फोन. सुंदर तीन दिवस अंघोळ करत नाही. आग्रह केला तर दार आपटतो. मी म्हटलं, माणसाशी शांतपणे बोलावं.

"अक्का, तुम्ही एक दिवस येऊन बोला शांतपणे," ती म्हणाली.

तिचा स्वर कसा होता ते मला नीट कळलं नाही.

१३ जुलै, रविवार

ब्लाउज सैल होताहेत. शिंपी म्हणाला, मॅडम, दोन इंच आत घेतले. चांगलंच आहे. बाकीच्या बायका पैसे देऊन वजन उतरवतात.

३ ऑगस्ट, रविवार

आडीपेरुक्कु. कावेरीची ओटी भरायचा दिवस, म्हणून सगळे तिरुवैयारुच्या घाटावर. पाणी दुसऱ्या पायरीपर्यंत होतं. गायत्रीने पाच प्रकारचे भात केले होते. चिंचेचा, लिंबाचा, नारळाचा, तिळाचा, दह्याचा.

सुंदर मूठ मूठ भरून तोंडात कोंबत होता. गायत्री म्हणत होती, हळू, गिळा, मग घ्या. तो ऐकेना. मग एकदम थांबला. डोळे मोठे झाले, आवाज येईना. गायत्रीने त्याला वाकवून पाठीवर मारलं, कीर्तनाने मागून कव घालून पोटावर दाब दिला. तिसऱ्यांदा भाताचा गोळा पायरीवर पडला. सुंदरने श्वास घेतला आणि पानाकडे हात नेला.

"तुझ्या नवऱ्याला आता आणखी भात होणा," तो गायत्रीला म्हणाला. ती रडता रडता हसली.

 परतल्यावर तंजावूरच्या स्टँडवर कीर्तना म्हणाली, "अम्मा, तू उठली नाहीस."

"तुम्ही दोघी होतात ना."

"तू जेवत होतीस."

मी आठवून पाहिलं. लिंबाचा भात माझ्या पानावर होता. मी तो खात होते, हे खरं. कोणीतरी शांत राहायला हवं असतं. पण ती माझ्याकडे असं का बघत होती?

४ ऑगस्ट

काल लिहायचं राहिलं. तो गुदमरत होता तेव्हा मला काय वाटलं, हे मी आज दिवसभर आठवते आहे. काही आठवत नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

तिसरा टंबलर फुटला. तरी मी स्टीलचे सोडून काचेचे कशाला वापरते? साबण हातावर राहतो.

दक्षिण राजवीथीत स्कूटर एका रिक्षेला घासली. रिक्षावाला म्हणाला, "अम्मा, रस्ता एवढा मोठा आहे, तुम्हाला माझीच वंडी दिसली?" मला हसू आलं. तो हसत नव्हता म्हणे. स्कूटरवर मागे बसलेल्या शाळेतल्या बाईंनी नंतर सांगितलं, तो चांगलाच भडकला होता.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

दहावीच्या शांभवीने सोपं समीकरण तिसऱ्यांदा चुकवलं. मी तिची वही वर्गाबाहेर फेकली. पंचवीस वर्षांत असं केलं नव्हतं. वही खालच्या मजल्यावर पडली.  मी पुढचं गणित फळ्यावर लिहायला घेतलं.

हे इथे लिहिते आहे कारण मला लाज वाटायला हवी, आणि वाटत नाही. दमले असेन.

नवं पेन आणलं. हे तिसरं. तेही नीट चालत नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

कीर्तनाने कार्तिकला, तिच्या होणाऱ्या नवऱ्याला, सगळं सांगून टाकलं. मला न विचारता. तो कुंभकोणमहून आला, तासभर बसला. म्हणाला, "अत्या, लग्न मला करायचंच आहे. रिपोर्ट कसाही येऊ दे. पण मुलं, घर, काय ठरवायचं ते आम्हाला माहीत असून ठरवायचं आहे." चांगला मुलगा आहे. आतापासूनच सासूला म्हणतात तसं अत्या म्हणतो.

तो गेल्यावर कीर्तना म्हणाली, "तो मला विचारत नाही, पण मी त्याच्याशी उद्याचं काहीच बोलू शकत नाही. प्रत्येक वाक्य तुझ्यापाशी येऊन थांबतं."

"मला काही झालेलं नाही," मी म्हटलं.

"शाळेत मुलींना सांगतेस, उत्तर बरोबर वाटलं तरी ताळा करून बघा. मग तुझा ताळा कुठे आहे?"

"ते गणित आहे."

"हेही गणितच आहे गे. निम्मं आणि निम्मं."

ती लग्नाची पत्रिका छापायला देत नाही. मी टेस्ट करीपर्यंत देणार नाही म्हणते. मला धमकी आवडत नाही. मीही हो म्हटलेलं नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

आज तिरुवैयारुला बाळकृष्णरावांकडे गेले. आप्पांचे शेवटच्या वर्षांतले शिष्य, आता सत्तरीचे. नवरात्राचा गोलू, पायऱ्यांवर बाहुल्या, मांडला होता. त्यांनी हरभऱ्याचं सुंडल दिलं, कॉफी दिली. मी थेट विचारलं. आप्पांच्या हाताला आजार नव्हता, तो ताल होता, एवढं तुम्ही डॉक्टरांना लिहून द्या. त्यांच्यासमोर मांडी घालून तुम्ही सात वर्षं बसलात.

त्यांनी बराच वेळ टंबलरमधली कॉफी डबऱ्यात, खालच्या वाटीत, आणि डबऱ्यातली टंबलरमध्ये ओतली.

"पहिली तीन वर्षं ताल होता," म्हणाले. "असा, की डोळे मिटून गावं."

"आणि मग?"

"मग आम्ही मोजायचो. आठ येत नसत. कधी साडेपाच, कधी अकरा. कधी नुसतंच बोट उडायचं. आम्ही चौघं एकमेकांच्या हाताकडे बघून गायचो. तुमच्या आप्पांच्या हाताकडे कोणी बघत नव्हतं."

"कोणी बोललं का नाही?"

"गुरूचा ताल चुकला असं कोण म्हणणार? आम्हाला वाटायचं, आपल्यालाच समजत नाही. वरच्या पातळीचं काही असेल. बाहेरगावचे लोक यायचे, हाताकडे बघून नमस्कार करायचे. आम्हीही केला." मग म्हणाले, "अस्क्यांना, सगळ्यांनाच ठाऊक होतं, अंबुजा. तुमच्या आईलासुद्धा. पायऱ्यांवर त्यांना एकटं सोडायचं नाही असं तिनेच ठरवलं होतं. त्या दिवशी पाळी माझी होती. मी दहा मिनिटं उशिरा पोचलो."

एकोणतीस वर्षांनी हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या मांडीकडे बघत होते.

आत जाऊन त्यांनी आप्पांची पाठाची वही आणून दिली. रोजचा वार, त्याखाली स्वरलिपी. १९८९ ते १९९५. "तुमच्याकडे असायला हवी," म्हणाले. दारापर्यंत सोडायला आले तेव्हा माझा हात हातात घेऊन थोडा वेळ तसाच धरून ठेवला. "हात अगदी त्यांचा आहे," म्हणाले.

आप्पांबद्दल एवढं ऐकूनही ते शेवटचं वाक्य ऐकून मला बरं वाटलं.

१ ऑक्टोबर, बुधवार

म्हणजे आप्पांना होतं. आमच्या घराने तीस वर्षं आजाराला नमस्कार केला.

कीर्तनाला सांगितलं. ती म्हणाली, "आणि आता?" मी म्हटलं, आता सुंदरकडे लक्ष द्यायला हवं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

मुख्याध्यापिका कामाक्षी मॅडमनी बोलावलं. पुढच्या सत्राचं वेळापत्रक सतीशकुमार करेल म्हणाल्या. माझ्यावरचा भार कमी करायचा आहे. मी आभार मानले. बाहेर आल्यावर सतीशकुमारने विचारलं, "मॅडम, फार रागावल्या का?" मी म्हटलं, नाही, उलट हसत होत्या.  त्यांचा आवाज ऑफिसभर ऐकू येत होता असं नंतर शिपाईबाईंनी सांगितलं.

चौदा वर्षांनी दिवाळीच्या सुट्टीत मला काम नाही. तक्ता आणि टाचण्यांचा डबा सतीशकुमारच्या टेबलावर ठेवून आले.

२५ ऑक्टोबर

काही नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी अंघोळ करून बाहेर आले तर कीर्तना टेबलाशी. समोर ही वही आणि शेजारी आप्पांची.

मी भडकले. काय बोलले ते लिहीत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मला वाचता येत नाही अम्मा, तुला माहीत आहे. मी वाचलं नाही. नुसतं बघितलं."

"काय बघितलंस?"

तिने वहीचं जूनचं पान उघडलं आणि बोट फिरवलं. "वरची ही रेघ. इथे सरळ आहे. हे ऑगस्ट असेल, इथे ती खाली घसरते. इथे अक्षरं मोठी होतात. आणि हे शेवटचं पान, इथे अक्षरं रेघेला लागतच नाहीत."

"पेन चांगलं नाही."

"तीन पेनं आहेत अम्मा."

मग तिने फोन काढला. दोन्ही वह्यांमधला एक एक शब्द तिने जवळून टिपला होता आणि फोटो काळेपांढरे करून शेजारी शेजारी लावले होते. तिला तो शब्द कळत नव्हता. दोन्हीकडे पुन्हा पुन्हा येतो आणि आकाराने सारखा दिसतो, म्हणून निवडला, म्हणाली. शब्द होता : रविवार.

"यातला तुझा कुठला?"

मी हसले. स्वतःचं अक्षर ओळखायचं? वेलांटी वाकडी, व सुटलेला, शेवटचा र ओळीखाली उतरलेला. दोन्हीकडे तसंच. तरी मी क्षणभरही थांबले नाही. डावीकडचा, म्हटलं.

कीर्तनाने फोटो मागे ओढून अख्खं पान दाखवलं. पिवळा कागद, खाली स्वरलिपी. वर साल १९९४.

मी पुन्हा पाहिलं. पुन्हा पाहिलं तरी तो मला माझाच वाटत होता.

कीर्तनाने फोन उलटा ठेवला. ती रडत होती हे मला तिच्या चेहऱ्यावरून नाही, टेबलावर थेंब पडला त्यावरून कळलं. मग मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात तिथे स्थिर राहीना. तिने वर हात करून माझा हात डोक्यावर दाबून धरला. मला वाटतं, आज पहिल्यांदा मी माझ्या हाताकडे बघितलं. मी मोजून पाहिलं. आठ आले नाहीत.

३ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टर भुवनांना मीच फोन केला. त्या म्हणाल्या, आधी समुपदेशन, मग रक्त. नको वाटलं तर कुठल्याही पायरीवर नाही म्हणता येईल, रिपोर्ट आल्यावर पाकीट न उघडण्याचाही हक्क आहे. मी म्हटलं, पाकीट माझ्यासाठी नाही. त्या म्हणाल्या, "तुमच्यासाठीच आहे. तुमच्या मुलीचं तिचं ती ठरवेल." हे मला लिहून ठेवावंसं वाटलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

समुपदेशन झालं. पाऊण तास. बाईंनी शंभरातून सात सात वजा करायला लावलं. मला, गणिताच्या शिक्षिकेला. एकोणऐंशीपर्यंत गेले. मग कुठे होते ते विसरले आणि एकदम चिडले.

शाळेतून घरी आले तर शांभवीच्या घरचा पत्ता शोधून कीर्तनाने चिठ्ठी लिहून ठेवली होती. तमिळमध्ये. माझ्या नावाने माफी. मी वाचली आणि खाली सही केली. सही चिठ्ठीच्या बाहेर गेली. कीर्तनाने नवी चिठ्ठी लिहिली, मी पुन्हा सही केली.

गायत्रीलाही फोन केला. म्हटलं, आडीपेरुक्कुला मी उठले नाही. ती म्हणाली, "तेव्हाच कळलं मला, अक्का. घरी एक आहे ना, ओळखू येतं."

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही ऐकलं असतं?"

मागून सुंदरचा आवाज आला. चार वाजले की?

९ नोव्हेंबर, रविवार

मला अजूनही आतून वाटतं की काही निघणार नाही. हे खरं आहे म्हणून लिहिते. डॉक्टर म्हणाल्या होत्या, दिसत नाही. मला वाटलं होतं त्या सुंदरबद्दल बोलताहेत.

उद्या सकाळी साडेआठला रिक्षा येईल. रक्त दहाला घेतील. उपाशीपोटी जायची गरज नाही. नमुना बेंगळुरूला जाईल आणि रिपोर्ट तीन आठवड्यांनी, म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येईल. तो घ्यायला कीर्तना, कार्तिक आणि मी जाऊ. गायत्री सुंदरला घेऊन येते म्हणाली, मी नको म्हटलं, मग ये म्हटलं. शाळेत रजेचा अर्ज दिला आहे. पत्रिकेचा मसुदा कीर्तनाने छापखान्यात दिला आणि सांगितलं, मी फोन करीपर्यंत छापू नका. फोन ती करणारच आहे, म्हणाली. रिपोर्ट कसाही आला तरी. मुलांचं, घराचं काय ठरवायचं ते मात्र रिपोर्ट आल्यावर.

आजच्या ओळी सरळ आहेत. पानावर पट्टी आहे. प्रत्येक ओळ संपली की ती एक ओळ खाली सरकते. पट्टी कीर्तनाने धरली आहे.

"काय लिहितेस गे?" तिने अत्ता विचारलं.

मी सांगितलं, उद्याची वेळ.